ब्याण्णव किलोला दोन डबे

सिस्टर,

मी पोहायला शिकले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ब्याण्णव किलो वजनासह, केदारखेड्याजवळच्या एका विहिरीत. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसणार नाही, याचं वाईट वाटतं. ते बघायला मिळणार असतं तर मी आणखी पाच किलो वजन वाढवलं असतं.

येत्या रविवारी संभाजीनगरला स्पर्धा आहे. ट्रायथलॉन म्हणतात तिला. आधी तलावात पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानंच सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की लगेच धावायचं. आमच्यासारख्या नवशिक्यांसाठी अंतरं कमी ठेवली आहेत, पण तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक कराव्याच लागतात. मी नाव दिलं आहे. माझं नाव धावणाऱ्यांच्या यादीत याआधी एकदाच होतं, आणि ते तुम्ही खोडलं होतं.

मी आठवीत आहे. सकाळची प्रार्थना संपली आहे आणि तुमची सगळी कॉन्व्हेंट शाळा मैदानात रांगेत उभी आहे. तुमच्या हातात शंभर मीटरच्या शर्यतीची यादी आहे. तुम्ही नावं वाचता, माझ्यापाशी थांबता, खिशातलं लाल पेन काढता आणि सगळ्यांसमोर रेघ मारता. ‘तू नहीं,’ तुम्ही तुमच्या त्या केरळी हिंदीत म्हणता, ‘तू गिरेगा, लोग हसेगा. तू रिबन पकड.’ लोक हसायला शर्यतीपर्यंत थांबले नाहीत, सिस्टर, तिथेच हसले. त्या वर्षी आणि दहावीपर्यंत दर वर्षी मी शेवटच्या रेषेवर फीत धरून उभी राहिले. समोरून पोरी पळत यायच्या, छातीनं फीत ओढून न्यायच्या, आणि मी ती गुंडाळून पुढच्या शर्यतीसाठी पुन्हा ताणायची. नाव खोडलंत त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. तिथे व्हिनेगरचा आणि जळक्या साखरेचा वास होता. तुम्ही डब्यातून केकचा जाड तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. जाडी म्हणून जिला पळू दिलं नाही, तिची समजूत तुम्ही केकनं काढलीत! एवढी बुद्धी तुम्हाला देवानं दिली होती, मग तिचा उपयोग कुठे केलात?

पुढे मी पाटबंधारे खात्यात चिकटले. चौतीस वर्षं खुर्चीत बसून धरणातल्या पाण्याची पत्रं टाइप केली, आणि त्यातल्या थेंबभर पाण्यात कधी पाय बुडवला नाही. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयानं मला शाल, श्रीफळ आणि आरामखुर्ची दिली. आरामखुर्ची! बसून बसून जिचे गुडघे धरले तिला बसायला आणखी एक. ती मी त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांना देऊन टाकली आणि सायकल आणली. पहाटे भोकरदन रस्त्यानं निघते. बाजूनं सळईचे ट्रक हॉर्न देत जातात, आणि त्या वाऱ्यानं मी ब्याण्णव किलोची असूनही हलते. पहिल्या महिन्यात चढावर उतरून सायकल ढकलत होते, तर टपरीवरचा चहावाला म्हणाला, ‘काकू, हवा गेली का?’ मी म्हटलं, ‘सायकलची नाही गेली. माझी गेली. तुझ्याकडे पंप आहे का?’ तेव्हापासून तो मला बघून नुसता हात करतो.

सायकल जमली, रडतखडत धावणंही जमलं. पोहणं राहिलं. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे पोहायचं कुठे? शेवटी मावसभावाच्या शेतातली विहीर ठरली. शिकवायला त्याच्याच शेतात कामाला येणारी एक बाई. चाळिशीची, काटक, लहानपण पूर्णेच्या डोहात गेलेलं. आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधतात, तुम्हाला माहीत असेल. भाऊ म्हणाला, पोराला एक डबा लागतो, तर तुला दोन. वजनाच्या हिशोबानं मलाही ते पटलं. झाकणं लाखेनं बंद करून दोन डबे पाठीवर करकचून बांधले, कमरेला दोर, आणि मी पायरीवरून पाण्यात उतरले. काठावर खुरपणीच्या बाया भाकरी सोडून बघायला बसलेल्या.

काय झालं सांगू? दोन्ही डबे वर आले आणि माझं तोंड खाली गेलं. मान उचलावी तर डबे पुन्हा पालथं पाडायचे. नाकातोंडात पाणी, वर बायांचा कालवा. त्या बाईनं उडी मारली, मला पायरीला टेकवलं आणि विळ्यानं दोर कापून डबे फेकून दिले.

‘मावशी, हे कुनी सांगितलं व्हतं दोन बांधायचं?’

‘वजन किती आहे बघ ना माझं!’

‘आवं, वजन हाय म्हणूनच तर. लोखंड बुडतंय, लोनी बुडतंय का कवा? तुमाला एकबी नगं. आंग ढिलं सोडा बरं. बिलकुल काही करू नका.’

‘बुडाले तर?’

‘मी काय गंमत बघून राह्यले का? सोडा म्हन्ते ना!’

मी सोडलं. आणि सिस्टर, मी तरंगले. हातपाय न हलवता, उताणी, आभाळाकडे तोंड करून. वरून एक म्हातारी ओरडली, ‘अगं बाई, नुस्ती पुरी फुगल्यागत वर आली!’ सगळ्या हसल्या. मीही हसले, तेवढ्यानं तोंडात पाणी गेलं, तरी बुडाले नाही. ज्या अंगाची मला आयुष्यभर लाज वाटायला लावली, त्यानं मला विनातक्रार वर धरून ठेवलं होतं. तुमच्या मैदानावर या गोष्टीची परीक्षाच नव्हती. मधल्या सुट्टीत मुलींना विहिरीत सोडलं असतंत, तर फीत कुणी धरली असती ते बघितलं असतं.

काल मात्र आयोजकांपैकी एका गृहस्थांचा फोन आला. मागच्या आठवड्यात त्यांनी मला सरावाला पाहिलं होतं. फार नम्र माणूस. ‘मॅडम, गैरसमज नको. तुम्ही रिलेत या ना. तुम्ही फक्त पोहा, सायकल आणि रनिंग दुसरे दोघं करतील. मेडल तेच मिळतं. नाहीतर शेवटी तुम्ही एकट्याच रस्त्यावर, सगळे ताटकळलेले. ते बरं नाही दिसत.’ मी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दोन भाकरी खाल्ल्या, शांत झोप लागली. सकाळी उठले ती स्वतःवर भडकूनच. हलकं वाटायला काय झालं? हे असलं हलकं वाटणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं, आणि कुठे ओळख झाली तेही मला ठाऊक होतं.

दुपारी त्यांना फोन केला. म्हटलं, ‘मी तिन्ही करणार आहे. ताटकळणाऱ्यांना घरी पाठवा. मांडव काढायचा असेल तर काढा, दिवे विझवायचे असतील तर विझवा. मला रस्ता तेवढा ठेवा.’ ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही चिडू नका.’ म्हटलं, ‘चिडले नसते तर इथवर आले नसते.’

आता हे पत्र पाठवायचं कुठे, तर कुठेच नाही. शाळेमागे तुमची कबर आहे म्हणतात. मी कधी गेले नाही, तुमच्या अंत्यविधीलाही आले नाही, मुद्दाम. इतकी वर्षं ही लाल रेघेची गोष्ट मी नवऱ्याला, पोरींना, अख्ख्या कार्यालयाला सांगत आले. प्रत्येक वेळी सगळे तुमच्यावर संतापतात आणि मी त्यांना संतापू देते. त्या गोष्टीची सुरुवात मी प्रार्थनेपासून करते. प्रार्थनेच्या आधीचं सांगत नाही. आज फक्त इथे लिहिते. त्या सकाळी घंटा व्हायच्या आधी मी तुमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले होते, आणि पोट दुखतंय, मला पळता येणार नाही, असं तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत आणि टेबलावरचं लाल पेन उचलून खिशात टाकलंत.

पोट दुखत नव्हतं.