घराण्यातला घोडा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, सकाळी

तीर्थरूप शालूआत्तींना,

कालिंदीचा उभ्यानं नमस्कार. वाकून करायला हवा होता, आणि कागदावर तसं लिहूनही टाकता आलं असतं. पण मॉरिशसच्या घोड्यावरून उतरल्यापासून मला वाकता येत नाही, आणि कागदावर खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलंत (शाळेत घालायच्या आधी वर्षभर जयसिंगपूरला तुमच्या स्वयंपाकघरात पाटी गिरवत होते, तेव्हा). त्या शिकवणीचे काय परिणाम झाले ते पुढं येईलच. मामांचा गुडघा कसा आहे? तुम्ही बीपीची गोळी रोज घेता की फक्त वाढलंय असं वाटेल तेव्हा? दुसरं असेल तर कृपा करून हे पत्र वाचायच्या आधी एक घ्या.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि शेजारच्या दोघी येऊन बसतात, आणि इकडे पप्पा दाराआड उभे राहतात. विषय पप्पांचाच आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत, म्हणजे आजपासून अकराव्या दिवशी, ते आपल्या गल्लीतल्या तालमीच्या पुढं घोड्यावर बसून निघणार आहेत. खरा घोडा, बाजूला ढोलताशा, मागं फटाक्यांच्या माळा, आणि वर अठ्ठावन्न वर्षांचे पप्पा, ज्यांना सध्या मधे भोक असलेल्या उशीशिवाय खुर्चीवरसुद्धा टेकता येत नाही. डॉक्टर म्हणाले, माकडहाडाला चीर नाही, पण परत पडलात तर सहा महिने पालथं झोपावं लागेल. आता त्यांना अडवू शकेल असं माणूस एकच, थोरली बहीण. पण अडवायचं तर मॉरिशसला खरं काय झालं ते तुम्हाला ठाऊक हवं. पप्पांची हकिकत तुम्ही ऐकलीच आहे आणि चौकातला फ्लेक्सही कुणीतरी मोबाइलवर पाठवला असेल ('परदेशात अश्वारोहणाचा झेंडा रोवणारे आमचे धैर्यशीलभाऊ'). त्यावरचा फोटो खरा आहे. घोडा तेव्हा खुंटीला बांधलेला होता.

खताच्या कंपनीनं टार्गेट पुरं केलेल्या दुकानदारांना सहकुटुंब नेलं, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या गटात नेसरीचे हंबीरराव होते. ते पप्पांचे तीस वर्षांचे मित्र, आणि मैत्रीइतकीच जुनी त्यांची चढाओढ. चौथ्या दिवशीच्या कार्यक्रमात 'निसर्गरम्य अश्वसफर, मार्गदर्शकासह' असं छापलं होतं. मी निसर्गरम्य या शब्दावर विसंबले, ही माझी चूक. बसमधून उतरलो तर डोंगराच्या पायथ्याशी मोठा तबेला, त्याच्या तिन्ही अंगांना ऊस आणि चौथ्या अंगाला समुद्र. सहा तास विमानात पाय आखडून बसायचं ते ऊस बघायला, हे मला पटेना. पप्पांना मात्र पहिल्यांदाच त्या बेटावर आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. आईनं एका घोड्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, मला हा मानवायचा नाही म्हणाली, आणि चिवड्याचा डबा घेऊन झाडाखाली बसली. आमच्या घरात पहिल्या नजरेत माणूस आणि जनावर ओळखणारी ती एकटीच, पण तिला कुणी विचारत नाही.

तिथं आधी फॉर्म भरायचा होता. मी शाळेत शिकवते म्हणून जगातले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. त्यात एक प्रश्न होता: यापूर्वी घोड्यावर किती वेळा बसला आहात? खाली तीन चौकोन: कधीच नाही, एक ते तीन वेळा, त्याहून जास्त.

"लिही की, घराण्यात घोडा हाय," पप्पा म्हणाले.

"कुणाचा?"

"माझ्या पणज्याचा."

"पण तुम्ही बसलाय का?"

"लग्नात बसलोय. पेठेतनं बिंदू चौकापतोर. इचार तुझ्या आईला."

आईनं झाडाखालूनच दुजोरा दिला, की बसले होते, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं. हंबीरराव म्हणाले, आमचं तर तीन वेळा झालंय. तेव्हा पप्पांनी विचारलं, "तीन लग्नं केलीसा व्हय पावणं?" त्यावर हंबीररावांनी एक स्वतःचं आणि दोन थोरल्या भावांची असा हिशेब दिला (लहानपणी नवरदेवाच्या पुढं बसवतात ते). आता माझं. पन्हाळ्यावर दोनदा, माथेरानला एकदा, आणि काकांच्या वरातीत त्यांच्या पुढं एकदा, म्हणजे चार. पन्हाळ्याची दुसरी खेप धरावी की नाही यावर मी बराच वेळ विचार केला, कारण तेव्हा घोडा जागचा हललाच नव्हता. पण प्रश्न बसण्याचा होता, हलण्याचा नव्हता. मी खालच्या चौकोनात खूण केली. लेक आपल्यापेक्षा अनुभवी ठरतेय हे पप्पांनी पाहिलं आणि त्यांनी मला 'इतर माहिती'त पणजोबा घालायला लावले. मी लिहिलं: पणजोबांकडे घोडा होता (ऐकीव).

बरोबरच्या दुकानदारांनी सरळ 'कधीच नाही' लिहून टाकलं. सगळे वरातीत बसलेले, पण त्यांच्या मनात आलंच नाही की ती गोष्ट एखाद्या परक्या देशातल्या कागदावर नोंदवायची असते. त्यांना पेंगणारे घोडे मिळाले आणि सावलीची वाट. ते दीड तास शहाळी पीत हिंडले. आम्हा तिघांना 'अनुभवी' म्हणून वेगळं काढलं, आमच्यासाठी उंच, कान टवकारलेले घोडे आणले, आणि बरोबर जोया नावाची मार्गदर्शक दिली. ही माझ्याच वयाची. तिचे पणजोबा इकडूनच तिकडं ऊस तोडायला गेलेले, त्यामुळं तिला सिनेमातलं हिंदी येत होतं. पप्पा तिच्याशी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघंही समाधानी असायचे. तिनं निघताना तीन गोष्टी बजावल्या. टाचा खाली, लगाम ओढायचा नाही, आणि घोड्याला ऊस खाऊ द्यायचा नाही, एकदा चव लागली की दिवसभर तेच मागतो. पप्पांनी तिन्ही वेळा मान हलवली (मान हलवताना ते ऐकत नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको).

पाऊण तास मी नुसती टाचा खाली ठेवत होते. निसर्ग असेल रम्य, मी घोड्याचे कान सोडून काही बघितलं नाही. मागं दोघांचं चाललं होतं. पप्पा म्हणाले, पेरं कसली हातभर हायत बघा. हंबीरराव म्हणाले, हातभर कुठली, पाण्याचा ताण पडलाय, आमच्या नेसरीत असला ऊस म्हशीला घालत्यात. "तुमच्या नेसरीत ऊस उगवतोय तरी व्हय?" मग दोघांनी मिळून जोयाला साखरेचा उतारा किती पडतो असं विचारलं. ती म्हणाली, सर, घोड़ा चलाइए.

आणि इथं ते घडलं. आपल्याकडचा माणूस उसाच्या कडेनं रिकाम्या हातानं जात नाही, जाता जाता घरच्या जनावराला चार वाडी मोडून घेतो. घोड्यावर बसलं की उसाचे ते हिरवे शेंडे बरोबर हाताशी येतात. पप्पांनी विचार असा केलाच नाही, हातानंच केला. कडाकड मोडलं आणि वाकून घोडीच्या तोंडाला लावलं. मुकं जनावर हाय, म्हणाले, बघतंय कसं. हंबीरराव मागं कसे राहतील? त्यांनी आपल्या घोड्याला दुप्पट घातलं. जोया पुढं होती, तिनं वळून बघेपर्यंत माझाही घोडा चघळत होता (मी दिलं नव्हतं, त्यानं पप्पांच्या हातातून घेतलं). वर पप्पांनी परतीच्या वाटेला असू दे म्हणून एक चांगली जाडजूड मोळी केली, पाचटानं बांधली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. त्यांचे दोन्ही हात अडकले होते, एक लगामाला आणि एक फोटोसाठी कमरेवर. मी म्हटलं, पप्पा, हे नियमात बसत नाही. "तू धर," ते म्हणाले, "तू अनुभवी हाईस."

समुद्राकडं वळताना हंबीररावांचा घोडा आमच्याबरोबर आलाच नाही. तो शांतपणे माघारी फिरून पुन्हा उसात शिरला आणि वर फक्त हंबीररावांची टोपी दिसत राहिली. आम्ही तिघं वाळूवर आलो. मोकळा किनारा दिसला, माझ्या घोड्यानं पाठीमागून येणारी पप्पांची घोडी बघितली, घोडीनं माझ्या मांडीवरची मोळी बघितली, आणि आत्ती, दोघांनाही एकाच क्षणी कळलं की ही मोळी एकालाच पुरेल.

मी पळवला नाही. तो पळाला. मागं पप्पांची घोडी, तिच्या मागं जोयाचा घोडा. जोया ओरडत होती, मैडम, फेंक दो, फेंक दो. फेकली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं, हे मलाही कळत होतं. पण फॉर्मच्या मागच्या बाजूला अकरावा नियम होता की समुद्रकिनाऱ्यावर कोणतीही वस्तू टाकू नये, आणि त्याखाली माझी सही होती. मी तिला ओरडून सांगितलं की नियम लेखी आहे, तोंडी सांगून बदलता येणार नाही. एक कचरापेटी दिसलीसुद्धा. मात्र ती नीट ओळखू येईपर्यंत मागं गेली होती. शहाळीवाल्या मंडळींच्या समोरून मी गेले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. घोडा थेट तबेल्यात जाऊन आपल्या जागी उभा राहिला, मी मोळी तिथल्या माणसाच्या हातात दिली आणि ओला कचरा कुठं टाकतात ते विचारलं. आई चिवड्याचा डबा बंद करत म्हणाली, "झालं का? आणि हे कुठायत?"

हे समुद्रात होते. मोळी हाती लागत नाही म्हटल्यावर घोडीचा उत्साह गेला होता आणि ती एकदम थांबली होती. पप्पा थांबले नव्हते. मी आणि माझ्या मागोमाग तबेल्यापर्यंत आलेली जोया धावत पोचलो तर ते गुडघाभर पाण्यात, टोपी जागच्या जागी, हात मांडीवर ठेवून पंगतीला बसल्यासारखे बसले होते. पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला, "पोरगी पडली न्हाय न्हवं?" मी समोरच उभी होते, तरी जोयाला विचारला. आणि दुसरा, "हंबीररावानं बघितलं व्हय?" हंबीररावांनी बघितलं नव्हतं, ते अजून उसात होते. म्हणजे पप्पा पडलेले बघणारी माणसं जगात दोनच, एक मॉरिशसला राहते आणि दुसरी मी. बसमध्ये बसतानाच नवी हकिकत तयार झाली, की माझी घोडी सगळ्यांत तेज होती, मीच तिला पाण्यात घालून थंड केली. घरी येईपर्यंत मी त्या हकिकतीतून गळून गेले होते. ती पेठेत पसरेपर्यंत हंबीररावांनीही तिला मान डोलावली, कारण त्यांना उसाचा विषय निघू द्यायचा नव्हता.

त्यानंतर तालमीचं बोलावणं आलं, आणि पप्पांना नाही म्हणता आलं नाही. मी दोनदा विषय काढला. एकदा ते म्हणाले, लोकांनी फ्लेक्स लावलाय गं, आता कसं उतरू. ते उशीवर बसून हे म्हणाले आणि माझ्याकडं बघत नव्हते. आत्ती, मला त्यांच्या पाठीची काळजी आहे, आणि फजितीचीही तेवढीच आहे, कारण फॉर्म मी भरला होता. तेव्हा शुक्रवारी या आणि थोरलेपणानं नको म्हणा. तुमच्या शब्दाला ते अजून घाबरतात.

घरात सगळ्यांना माझा नमस्कार.

तुमची
कालिंदी

ता. क. मी सांगितलं असं कृपा करून सांगू नका. स्वप्न पडलं म्हणा, तुमच्या स्वप्नांना या घरात मान आहे. पण तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला लावणं बरोबर नाही. म्हणून गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर जरा पडा आणि घोड्याचा विचार करत झोपा. काहीतरी पडेलच.

ता. क. (दुपारी) पाकिटाला डिंक लावला आणि हात अडला. बापाच्या पाठीमागं त्याच्याबद्दल पाच पानं लिहायची हे मला सहन होईना. पाकीट उघडून सगळं पत्र पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी कुशीवर पडून ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली, की पाणी कमरेपतोर होतं. मग चपला घातल्या आणि तालमीत गेले. मी मागोमाग गेले. ज्ञानू वस्ताद आणि कमिटीची पाचसहा मंडळी होती. पप्पा उभ्यानंच म्हणाले, "घोडा आपल्याला जमत न्हाय. मी पडलोय. फ्लेक्स उतरवा." कुणी हसलं नाही (मी मोजून बघत होते). वस्ताद म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, पर घोडा सांगून ठेवलाय, त्येच्यावर बसायचं कुणी? पप्पा म्हणाले, आमची पोरगी बसंल, तिनं घोडा उधळला तरी हातातली मोळी टाकली न्हाय. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणायला माझ्याकडं नऊ कारणं होती. मी मनातल्या मनात चौथ्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात तोंडातून हो गेलं. तेव्हा नको म्हणायला येऊ नका. नऊवारी नेसवायला या, पायात अडकणार नाही अशी.

ता. क. (पुन्हा) पप्पा तालमीतून नाही म्हणून आले एवढंच आईला कळलंय. तिला वाटतंय घोड्याचा विषयच मिटला. आत्ताच ती अंबाबाईची ओटी भरून आली आणि येताना शेजारच्या तिघींना पेढे वाटले. तिला पुढचं सांगायला पप्पा तयार नाहीत, मी तर नाहीच. पप्पा म्हणतात, शालूअक्का सांगंल. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पाकीट आज संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतेय. शुक्रवारची वाट बघू नका, उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं या.