फेरी स्थगित, चर्चा चालू

४ फेब्रुवारी, मंगळवार

अखेर शहराला माझी आठवण झाली. शाश्वत शहरी वाहतुकीची मूलभूत तत्त्वं ठरवायला नगरपालिकेने नागरिकांची समिती नेमली आहे. निमंत्रक: मी. योग्यच निवड. मोटारविम्याच्या ऑफिसात उभी हयात गेली. ठोकलेल्या गाड्या माझ्याइतक्या जवळून पाहिलेला माणूस गावात दुसरा नसेल.

संकल्प: आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढायचं.

हिला बातमी सांगितली. ही डबा भरत होती. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते आणि सकाळच्या बसने जाते. म्हणाली, अभिनंदन, पण सकाळची बस वेळेवर येते, बसायला जागा मिळते, तेव्हा समितीने तिला तेवढा हात लावू नये. लोकांची दृष्टी आपल्या थांब्यापलीकडे जात नाही. घरातल्यांचीसुद्धा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली बैठक. सकाळी, वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात. अध्यक्ष हे जुने नगरसेवक. सदस्यांत एक प्राध्यापिकाबाई आहेत, त्या प्रत्येक शब्दाला अडतात. आणि एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांना मी मनातल्या मनात 'उड्डाणपूल' म्हणतो. कुठलीही अडचण सांगा, यांचा उपाय तोच. चहा उशिरा आला तेव्हा किचन आणि हॉल यांच्यामधल्या अंतराकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती मी ओळखली.

अध्यक्षांचा नियम: सदस्यांनी बैठकीला पायी, सायकलने किंवा बसनेच यायचं. जनतेसमोर आदर्श हवा. दाराशी नगरपालिकेचा फोटोग्राफर उभा राहणार, फोटो नगरपालिकेच्या पेजवर टाकणार. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या.

सायकल घ्यावी लागणार.

९ फेब्रुवारी, रविवार

घडीची सायकल घेतली. घडी घातली की गाडीच्या डिकीत बरोब्बर बसते. हिने विचारलं की सायकल डिकीत बसायची गरजच काय. म्हटलं, आणीबाणी.

संकल्प: घरापासून सभागृहापर्यंत संपूर्ण सायकल. पहिले एक-दोन दिवस मात्र गाडी, कारण गुडघ्यांना एकदम धक्का देऊ नये असं कुठेतरी वाचलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

योजना चोख. गाडी सभागृहामागच्या गल्लीत लावली. तिथे बसचा शेवटचा थांबा आहे आणि पुढे मोठी मोकळी जागा. बस तिथे वळते म्हणे. वळायला इतकी जागा? भर शहरात? यावर कुणाचं लक्षच नाही. सायकल काढली, उघडली, कोपऱ्यावरून वळलो, फोटो. त्याआधी बाटलीतलं थोडं पाणी कपाळाला लावलं होतं. घाम विश्वासार्ह दिसला.

चर्चा: पहिलं तत्त्व कोणतं? मी म्हटलं, पादचारी. उड्डाणपूल म्हणाले, पादचारी ठीक, पण त्यांना वर न्या. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं की 'पादचारी' म्हणायचं की 'पायी चालणारी व्यक्ती'. यावर बैठक संपली. खोली आहे चर्चेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गल्लीत उड्डाणपूल दिसले. स्वतःच्या गाडीच्या दारात बसून चालायचे बूट घालत होते. मी डिकीतून सायकल काढत होतो. दोघांनीही आकाशाकडे पाहिलं. हवा बरी आहे, यावर एकमत झालं. तेवढ्यात प्राध्यापिकाबाईंची गाडी आमच्या मागे येऊन उभी राहिली. सगळ्यात पुढे अध्यक्षांची होती, आत ड्रायव्हर पेपर वाचत होता.

कुणी कुणाला एक अक्षर विचारलं नाही. सुसंस्कृत माणसांत काम करण्याचं सुख काही वेगळंच. थोडं थोडं अंतर ठेवून एकेक जण कोपऱ्यावरून वळला. फोटो अप्रतिम आलाय. खाली लिहिलंय, 'समिती स्वतः चालते'. लोकांनी भरभरून लाइक दिलेत. मीही दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रणकंदन. प्रश्न: वाहतूक माणसांची की वाहनांची? उड्डाणपूल म्हणाले, वाहनात माणसंच असतात. मी उठलो आणि म्हणालो की खासगी गाडी ही गरज नसून हाव आहे. टाळ्या. हातवारे करताना खिशातून गाडीची किल्ली पडली. फोटोग्राफर आतच होता. प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे किल्लीवर पाय ठेवला आणि चहाच्या वेळी परत दिली. बाईंबद्दलचं माझं मत बदललं आहे.

संध्याकाळी ही घरी आली ती फणफणत. हल्ली शेवटच्या थांब्यावर कुणीतरी गाड्या लावून ठेवतं, बस वळतच नाही, ड्रायव्हर पुढे-मागे करत बसतो आणि आमच्या थांब्यावर यायला उशीर. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं ताटकळली. एका म्हाताऱ्यांना चक्कर आली. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर हिला सुनावलं. यंदा लॅबची इन्चार्ज म्हणून हिचं नाव पुढे आहे, त्यात हे. हिने मला विचारलं की असल्या जागी गाड्या लावणारी माणसं असतात तरी कोण?

बेजबाबदार, म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

संकल्प: शुक्रवारपासून गाडी बंद.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीच. पाठ धरली होती. पण आज भिंतीला अगदी चिकटवून लावली. बसचा विचार करणारा सदस्य त्या गल्लीत माझ्याशिवाय कोण आहे? अध्यक्षांची तर आडवी होती.

हिने विचारलं, हॉस्पिटलवर सोडता का, बसचा नेम राहिला नाही. समजावून सांगितलं की निमंत्रकाची बायको खासगी गाडीतून उतरताना कुणी पाहिली तर समितीच्या नैतिक अधिकाराचं काय होईल. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बैठक चालू असताना मागच्या गल्लीत बसचा हॉर्न. थांबेचना. अध्यक्ष म्हणाले, खिडकी लावा. खिडकी लावली. मग मी सुचवलं की 'शहरी वाहतूक ही आवाजमुक्त असावी' हे तत्त्व म्हणून घ्यावं. मंजूर! आमचं पहिलं ठरलेलं तत्त्व. सूचक: मी. आता गाडी रुळावर आली. म्हणजे समितीची.

४ मार्च, मंगळवार

बस डेपोचे मॅनेजर स्वतः बैठकीला आले. नम्र गृहस्थ. म्हणाले, वळायच्या जागेत गाड्या असतात. एक तर त्या हलाव्यात, नाहीतर सकाळची फेरी बंद करावी लागेल. समितीने शिफारस करावी. गाड्या कुणाच्या ते आपल्याला ठाऊक नाही, असंही म्हणाले. आणि हे म्हणताना आमच्यापैकी एकाकडेही न बघण्याची त्यांनी फार काळजी घेतली.

उड्डाणपुलांनीसुद्धा पूल सुचवला नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले की निमंत्रकांनी मसुदा करावा, त्यांची भाषा चांगली आहे. आहेच. जागेवर लिहिला: 'वळणाच्या ठिकाणी निर्माण झालेली परिस्थिती पाहता, सखोल अभ्यास पूर्ण होईपर्यंत सकाळची फेरी तात्पुरती स्थगित ठेवावी.' 'गाडी' हा शब्द कुठे नाही. प्राध्यापिकाबाईंनी काना-मात्रासुद्धा बदलला नाही. इतके दिवस पादचाऱ्यावर अडलेली समिती, चहा यायच्या आत एकमताने मोकळी झाली.

ती फेरी कुणाची ते मला माहीत होतं. सही करताना हिचा डबा डोळ्यांसमोर आला. पण सार्वजनिक कामात घरचं हित बाजूला ठेवावं लागतं. सोपं नसतं ते. माझं मलाच कौतुक वाटलं.

हिला योग्य वेळी सांगेन.

७ मार्च, शुक्रवार

योग्य वेळ मिळाली नाही.

ही सकाळी नेहमीसारखी थांब्यावर गेली. खांबावर नोटीस. खाली निमंत्रकाची सही. ही सही हिने बँकेच्या कागदांवर, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिलेली. नोटीस मोठ्याने वाचून दाखवली ती म्हणे हिच्या बसमधल्या शिवणकामवाल्या बाईंनी, कारण हिचा चष्मा पर्समध्ये होता. तिथल्या सगळ्यांना आता माझं कार्य माहीत झालं आहे.

रिक्षा मिळेपर्यंत लॅब उघडायची वेळ टळून गेली. संध्याकाळी ही बहिणीशी फोनवर बोलत होती, मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. पुढच्या आठवड्यातही असंच झालं तर सकाळची पाळी दुसरीला देणार. पाळी गेली की इन्चार्जची जागाही गेली. हे सांगताना आवाज अगदी साधा होता. ही भांडली असती तर मी बाजू मांडली असती. तयारी होती माझी.

मी आपणहून म्हटलं की फेरी तात्पुरतीच बंद आहे. ही म्हणाली, कधीपर्यंत? म्हटलं, अभ्यास होईपर्यंत. अभ्यास कोण करतंय? म्हटलं, तो मुद्दा अजून चर्चेला आलेला नाही.

मग हिने हात पुढे केला आणि गाडीची किल्ली मागितली.

९ मार्च, रविवार

हिला गाडी लग्नाच्या आधीपासून येते. ही चालवायला बसली की शेजारी माझ्या छातीत धडधडायचं, म्हणून हिने सोडून दिली होती. आज एकटीच लांब चक्कर मारून आली. विम्यातला माणूस म्हणून गाडीभोवती दोनदा फिरून पाहिलं. ओरखडा नाही. जरा निराशा झाली, हे इथेच लिहितो.

उद्यापासून गाडी हिच्याकडे. हा माझाच त्याग म्हणायला हरकत नाही.

मंगळवारी जाहीर वादसभा: 'शाश्वत शहरी वाहतूक, मूलभूत तत्त्वे कोणती?' प्रमुख वक्ता मी, विरुद्ध बाजूला उड्डाणपूल. हॉल भरणार. सुरुवात ठरली: 'मित्रहो, मी आज घरापासून इथवर सायकलने आलो आहे.' हे वाक्य या वेळी जास्तच खरं असणार. पाच-सहा वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं. अंगावर काटा येतो.

११ मार्च, मंगळवार. घरी. सभा अजून चालू असेल.

सकाळी निघालो. कडक इस्त्री, पाठीवरच्या पिशवीत भाषण. आमच्या थांब्यापर्यंत आलो आणि सायकलची आपण होऊन घडी झाली. मी वर असताना. पँट गुडघ्यावर फाटली, तळहात सोलवटले. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, मुळीच काळजी नको, आता पोचूच नका, आराम करा. माझे मुद्दे उड्डाणपूलच मांडतील, दोन्ही बाजूंनी. त्यांची त्याला तयारी आहे म्हणे.

फोन ठेवतो तोच आमची गाडी आली. ही चालवत होती. शेजारी काठीवाले आजोबा, मागे शिवणकामवाल्या बाई आणि हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधल्या दोघी. बसमधली सगळी मंडळी. कालपासून ही वाटेवरच्या थांब्यांवरून गोळा करत जाते, कुणाची दहा मिनिटंही इकडची तिकडे होत नाहीत. हे मला गाडीच्या उघड्या काचेतून त्यांच्याकडून कळलं.

मी पुढे झालो. म्हटलं, सभागृहाकडून वळसा घालून गेलात तर. ही म्हणाली, जागा नाही. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या की साहेबांना घेऊ की, आम्ही दाटीवाटीनं बसतो. ही म्हणाली, नको, ह्यांना दाटीवाटीत बसवलं की ते त्याचं तत्त्व करतात आणि मग दाटीवाटी बंद होते. सगळे हसले. आजोबा तर काठीवर हनुवटी टेकवून हसले. मीही हसलो. ही हसली ते मात्र किती तरी दिवसांनी पाहिलं. ते बघायला मी गाडीबाहेर होतो, याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.

मग ही म्हणाली, मागे गाड्या थांबल्यात, बाजूला व्हा. बाजूला झालो. गाडी गेली.

गुडघा ठणकत होता म्हणून खांबाला पाठ लावून उभा राहिलो. इतक्यात एक बाई घाईघाईने आल्या, हातात हॉस्पिटलची फाइल. विचारलं, बस गेली का? रक्त द्यायला उपाशीपोटी बोलावलंय. म्हटलं, ही फेरी बंद झाली. बाई म्हणाल्या, अशी कशी बंद झाली, कुणी बंद केली?

नोटीस माझ्या पाठीमागेच होती. मी जरासुद्धा हललो नाही. म्हटलं, काही कल्पना नाही, मीसुद्धा बसचीच वाट बघतोय.