पुडी की बाटली

डोणगाव

ती. झुंबरअक्का,

लहान्या भावाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुहे गुडघे, दाजींचा खोकला अन् तुमची म्हैस, समदे ठीक असतीन. (म्हशीचं आधी विचारा लागत होतं, मले मालूम आहे.) फोनवर मी दवाखाना म्हटलं की तुमच्या बीबी गावचं नेटवर्कच जाते, म्हणून पत्र लिहून राह्यलो.

तर मांगच्या महिन्यात मले संडासात रगत दिसलं. लय भेलो, अक्का. आपले बाबा मूळव्याध आहे, मूळव्याध आहे म्हणत गेले, ते डोळ्यापुढं आलं. बुलढाण्याचा डॉक्टर म्हणे, मांगून दुर्बीण घालून आतडं पाहू, पण आधी पोट कोरं करा. त्याचे दोन मार्ग. एक मोठी पुडी, दोन लिटर पाण्यात कालवून पेल्यापेल्यानं प्याची. दुसरी लहानशी बाटली. मी अर्थातच बाटली उचलली. (घरी आल्यावर समजलं, तिच्या मांगून पाणी तेवढंच ढोसा लागते. बैल लहान, पण चारा तेवढाच.)

वरून सांगतलं, आदल्या दिवशी साधा पांढरा भात खा, भाजीभाकर बंद, बियांचं काहीच नको. आता सांग, भातानं कधी कोणाचं पोट साफ झालं काय? मी डॉक्टरले मदत म्हणून ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी अन् वरून पेरू हाणले. दुसऱ्या दिवशी माहं आतडं टीव्हीवर आलं, अन् डॉक्टर म्हणे, "काका, पेरू गोड होता काय?" तिकडं तुही भावजय पुष्पांजली नर्सले सांगून राह्यली होती की यायनं नुसता भात खाल्ला. तपासणी रद्द. घरी आल्याबरोबर तिनं उरलेले पेरू ढोरायले घातले.

दुसऱ्या खेपेले पुडी. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. थंड केली की मस्त उतरते. अन् नेमके त्याच संध्याकाळी पोरीची सोयरीक घेऊन पाहुणे आले! ते काही विचारत अन् मी पळत आत जाओ. त्यायले वाटलं, हा माणूस दरवेळी बायकोचा सल्ला घेऊन येते. जाताना म्हणे, बाईच्या विचारानं चालणारं घर आहे, आमची पसंती समजा. (पुष्पांजलीनं अजून त्यायले खरं सांगतलं नाई.)

या खेपेले आतडं लख्ख निघालं. एक लहानसा मांसाचा कोंब होता, तो तिथंच काढला, दुखलंबी नाई. रिपोर्ट चांगला आला. राहू देला असता तर पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकत होता म्हणे. मी दवाखान्यातच रडलो, खुशीनं.

दाजीले नमस्कार, लेकरायले आशीर्वाद.

तुहा
भागवत

ता. क. : डॉक्टर म्हणे, सख्ख्या भावाबहिणीनंबी तपासून घ्या लागते. अन् तुह्या सुनेनं, जयमालानं, मले सांगतलं की तुलेबी रगत पडून राह्यलं अन् तू लपवते. काऊन लपवते? सोमवारचा तुहा नंबर लावला आहे. तुले बीपीच्या गोळ्या आहेत, तवा पुडी की बाटली ते डॉक्टरले विचारूनच आणतो.

ता. क. दुसरं : पुडी मस्त उतरते म्हटलं ते साफ खोटं. लय बेकार लागते. तरी पी. रविवारी मी येतो, तुह्यासंगं नुसता भात खातो अन् रातभर ओसरीवर बसतो. मले "काय बे भागवत्या" म्हणणारी आता तू एकटीच उरली आहेस, अक्का.