वावराची राज्यघटना

३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.४०
काल दसऱ्याचं सोनं देताना बाबा म्हणाले, आता माह्यानं होत नाई, दिवाळीच्या आत वावर कोणाच्या तरी हाती देतो. ‘कोणाच्या तरी’ ही नुसती बोलायची पद्धत. एकुलता एक मुलगा मीच. अल्लीपुरात ओलिताचं चार एकर, आणि वर्षानुवर्षं फक्त वांगी! माझ्या हाती आलं की ब्रोकोली. पूर्ण चार एकर.
सत्ता येणार तर तयारी हवी. आचलचं बी.ए.चं राज्यशास्त्राचं पुस्तक मागून घेतलं. ती म्हणाली, पप्पा, माही परीक्षा हाये. दोन दिवसांत परत देतो म्हणालो.

४ ऑक्टोबर
चोवीस पानं झाली. आपल्या घरात राजेशाही आहे हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. राजा ताराचंद, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे हुकूम बाजेवरून. ताबडतोब लोकशाही जाहीर केली. बाबा म्हणाले, करून पाह्य. रक्ताचा एक थेंब न सांडता क्रांती.

६ ऑक्टोबर
पहिलं मतदान. वांगी तीन, ब्रोकोली एक.
रीता म्हणाली, "ते हिरवं फूल इथं कोण घेईन? भरीत होते काय त्याचं?" बायकोचं समजू शकतो, बाजारात दुकान तीच लावते. पण आचल? रोज कॉलेजच्या बसपर्यंत गाडीवर सोडतो मी! लोकशाहीत एक मोठा दोष आहे. मतं मोजतात.

७ ऑक्टोबर
अध्यक्षीय पद्धत सर्वांत चांगली. अध्यक्षाला रोज उठून कुणी हलवू शकत नाही, शिवाय नकाराधिकार. सकाळी अध्यक्ष झालो आणि वांग्याचा ठराव फेटाळला. रीताने सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाया घेऊन वांग्याची रोपं लावायला गेली.
आचल म्हणते, दोन तृतीयांश मतांनी नकाराधिकार मोडता येतो, हे तीन चतुर्थांश होते. ते पान मी वाचलं नव्हतं.

१० ऑक्टोबर
संघराज्य! आधीच सुचायला हवं होतं. स्वयंपाक रीताकडे. बाजारही रीताकडेच, दुसऱ्या कुणाला जमत नाही. मोबाईलवरचे भाव आचलकडे. बाबांकडे बाज. विहिरीजवळचे तीन वाफे स्वायत्त, तिथे माझी ब्रोकोली. रीताने हसत हसत दिले. हसली, पण दिले. रोपं आजच लावली.
उरलेले सर्व अधिकार केंद्राकडे, म्हणजे माझ्याकडे. काय उरलं त्याची यादी करायची आहे.

१३ ऑक्टोबर
घटना लिहून पूर्ण. एकोणीस कलमं. उद्या सकाळी साडेसातला घरसभा. कलम चारनुसार मंजुरीशिवाय कुणी उठायचं नाही. दिवाळी आठवड्यावर आली. बाबांवर छाप पडणार.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी
सभा ऐतिहासिक झाली. बाराव्या कलमावरच साडेतीन तास. या आठवड्यात मोटरपंपाची लाइन, म्हणजे वीज, सकाळी आठ ते चारच. रीता दोनदा उठली, म्हणे, "मोटर तं लावू द्या जी." मी कलम चार दाखवलं. आचल म्हणाली, ऊन लय हाये, रोपं नवीन हायेत. तिलाही कलम चार. बाबा गप्प होते, म्हणजे संमती.
चार वाजता एकोणिसावं कलम मंजूर झालं आणि लाइन गेली.

१५ ऑक्टोबर
वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या. ब्रोकोली तर गेलीच. रीता बांधावर बसून रडली. रागावली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. फार वाईट वाटलं.
कलम चारमध्ये दुरुस्ती करावी लागेल. मात्र लाइनचं वेळापत्रक मी ठरवत नाही, हेही नमूद करतो.

१९ ऑक्टोबर
बाबांनी निकाल दिला. सातबाऱ्यावर नाव माझं. वावरात काय लावायचं, पाणी कधी द्यायचं, बाजारात काय न्यायचं, ते रीता ठरवणार. म्हणाले, "तिनं वडनेरले जाऊन नवी रोपं आणली, चार दिवसांत वावर उभं केलं. तू काऊन कलमं लिहीत बसला होता?" प्रश्न अवघड होता.
मग पुस्तक उघडलं. अरे, ही तर संसदीय पद्धत! राष्ट्रप्रमुख एक, कारभार दुसऱ्याचा. सर्वोच्च पद माझं! मनासारखंच झालं म्हणायचं. जेवण मात्र गेलं नाही.

२४ ऑक्टोबर
रीताने ठिबकचा अर्ज आणला. आधी वाचतो, मग चर्चा करू म्हणालो. ती म्हणाली, पेन्सिलीनं खूण केली हाये तिथं सही करा. केली.
राष्ट्रप्रमुखाला नक्की काय करता येतं, आचलला विचारलं. तिने वाचून दाखवलं: सल्ला देणे, इशारा देणे, प्रोत्साहन देणे. सल्ला आणि इशारा सध्या नको वाटले. वावरात गेलो, मध्यभागी उभा राहिलो आणि मोठ्याने प्रोत्साहन दिलं.
रीता म्हणाली, "पाटातून पाय काढा जी, पाणी अडून राह्यलं."
काढले.