संगणक क्रमांक तीनमधील ‘टाकाऊ’ नावाच्या कप्प्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय, पहिला मजला.

अर्जदार : सभासद क्र. ४१२, निवृत्त मुद्रितशोधक, वय वर्षे ७६.

विषय : संगणक क्र. ३ च्या हार्ड डिस्कवरून नाहीशा झालेल्या माझ्या लेखनाबाबतची तक्रार मागे घेणे व खरी हकीकत कळवणे.

संदर्भ :
१) माझा दि. ३ चा तक्रार अर्ज.
२) लिपिकबाईंना दिलेली दि. ६ ची ‘कारणे दाखवा’ नोटीस.
३) माझ्या थोरल्या बहिणीचे नऊ वर्षांपूर्वीचे पत्र (अनुत्तरित).

महोदय,

१. संदर्भ क्र. ३ आपल्या कार्यालयाच्या दप्तरी नाही, तरी सुरुवात तेथूनच करावी लागत आहे. माझी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर तिने त्या नोकरीच्या आठवणी एका शंभर पानी वहीत लिहिल्या आणि वही मला वाचायला पाठवली. मी ती वाचली. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाच्या हाती वही पडली की जे व्हायचे तेच झाले. मी लाल शाईने दुरुस्त्या केल्या आणि वही परत पाठवली. सोबत चिठ्ठी जोडली नाही, कारण छापखान्यात आम्ही जोडत नसू. त्यावर ताईचे पत्र आले, ते येणेप्रमाणे : “अरे, चारशे सहा चुका निघाल्या. मी मोजल्या. पण तुला आवडलं का रे? एवढंच कळव.”

२. या पत्राला मी नऊ वर्षांत उत्तर दिले नाही. दिले नाही म्हणजे पाठवले नाही. लिहिणे चालूच होते. आपल्या वाचनालयाच्या संगणक क्र. ३ वर मी दर सोमवारी व गुरुवारी सकाळी दहा ते बारा जे टंकलेखन करत असे आणि कोणी जवळ आले की पडद्याआड मान खाली घालत असे, ते हेच उत्तर होय. त्याचे एकूण दोनशे सतरा खर्डे झाले होते.

३. सुरुवातीला तेव्हाचे संगणक-देखभालवाले मला म्हणाले होते, “काका, तुम्हाला डिस्कवर वेगळा कप्पाच पाडून देतो. आपला आपला. कोणी हात लावणार नाही. नाव काय देऊ?” मी ‘टाकाऊ’ असे नाव सांगितले. याचे कारण असे, की आमच्या छापखान्यात दुरुस्त होऊन गेलेल्या मुद्रितांचा गठ्ठा बांधून त्यावर ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी लावत आणि पुस्तक छापून बाहेर पडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. एखादी ओळ गाळली गेली, की ती त्याच गठ्ठ्यात सापडे. ‘टाकाऊ’ म्हणजे कुलूपबंद, असाच आमचा समज. छापखान्याबाहेर हा समज प्रचलित नाही, हे मला या महिन्याच्या तीन तारखेला कळले.

४. दि. २ रोजी माझ्या भाचीचा फोन आला. ती म्हणाली, “मामा, आई वीस तारखेला कायमची माझ्याकडे राहायला येतेय. सामान आवरतेय. ती टेलिफोनची वही तिने रद्दीत टाकली. मी काढली, तिने परत टाकली. म्हणते, ज्याला वाचण्यातलं कळतं त्यालाच आवडली नाही, मग मी ती उरावर घेऊन कुठे हिंडू?”

५. आपण विचाराल, की मग फोनवरच का नाही सांगितले. महोदय, ताईशी फोनवर बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे. समोरचा माणूस अडखळला की त्याचे वाक्य ती स्वतः पूर्ण करते, आणि तीन मिनिटे झाली की फोन ठेवते. एकतीस वर्षांची सवय आहे. त्या दिवशी मी फोन केलाही होता. “ताई, ती वही…” एवढे मी म्हणालो. “हो हो, पोचली होती परत, ठेवू?” असे ती म्हणाली आणि ठेवला. तेव्हा कागदाशिवाय मार्ग नाही, असे ठरवून दोनशे सतरांपैकी एक खर्डा डोळे मिटून निवडावा आणि पाठवून द्यावा, या निश्चयाने मी दि. ३ रोजी संगणकापुढे बसलो.

६. कप्पा जागेवर नव्हता.

७. लिपिकबाईंना विचारता त्यांनी आपले दि. १ चे परिपत्रक दाखवले : “सर्व संगणकांवरील टाकाऊ बाबी तातडीने काढून जागा मोकळी करावी.” त्यांनी परिपत्रकाचे अक्षरशः पालन केले होते. कप्पा काढून ती जागा शेजारच्या कप्प्यात मिळवली होती आणि सभासद-अर्जांची स्कॅन केलेली चित्रे तेथे भरायला घेतली होती. माझा चेहरा पाहून त्यांनी पुढचे काहीही न विचारता भिंतीतली वायरच उपटली. या कृतीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. तिचे महत्त्व परिच्छेद १० मध्ये येईल.

८. त्याच दिवशी मी तक्रार अर्ज लिहिला, आणि येथे माझी मोठी चूक झाली. खरे लिहायची लाज वाटली, म्हणून मी ‘नऊ वर्षांचे लेखन’ व ‘दोनशे सतरा खर्डे’ असे लिहिले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. परंतु त्यावरून आपला असा समज झाला, की मी दोनशे सतरा ग्रंथ लिहिले आहेत. दि. ५ रोजी मी आलो तेव्हा माझ्यासाठी खिडकीजवळ हाताची खुर्ची ठेवलेली होती. दि. ६ रोजी दाराशी फलक लागला : “ज्येष्ठ साहित्यिकाची साहित्यसंपदा नष्ट. त्रिसदस्यीय चौकशी समिती नियुक्त.” दि. ७ रोजी समितीच्या अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन, मराठी वाङ्मयाची हानी भरून निघणार नाही, असे सांगितले. मी “नाही” म्हणालो. नाही म्हणजे तसे काही नाही, असे मला म्हणायचे होते. त्यांनी ते ‘भरून निघणार नाही’ या अर्थी घेतले आणि डोळे पुसले. त्यानंतर खुलासा करण्याचे धैर्य मला झाले नाही. माझ्या सत्काराची तारीखही ठरल्याचे शिपायाकडून समजते. कृपया तो करू नये.

९. दि. ८ रोजी लिपिकबाई मला जिन्यात भेटल्या. त्यांच्या हातात नोटीस होती. त्या म्हणाल्या, “काका, हुकूम साहेबांचा, नाव तुम्ही दिलेलं, आणि फाशी मला? ‘महत्त्वाचे’ असं नाव दिलं असतं तर मी बोट तरी लावलं असतं का?” मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. बहिणीखेरीज कोणापाशी मी इतके सलग बोललो नव्हतो, आणि बहिणीपाशीही नाहीच. सगळे ऐकून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “एका पत्राला दोनशे सतरा? अहो, माझ्या नवऱ्याने मला लग्नाआधी मोजून दोन पत्रं लिहिली, त्यातलं एक बसच्या वेळापत्रकाचं. चला, उठा. ती डिस्क घेऊन आपण घड्याळजींकडे जाऊ.” डिस्क बाहेर नेण्याची परवानगी त्यांनी रीतसर रजिस्टरात नोंदवून आपली सही घेतली आहे. आपण ती फोनवर बोलता बोलता केलीत, त्यामुळे आठवत नसेल.

१०. घड्याळजी हे गृहस्थ पूर्वी मनगटी घड्याळे दुरुस्त करत. घड्याळे कोणी आणेनासे झाल्यावर ते डिस्कवरचा गेलेला मजकूर परत मिळवून देण्याचे काम शिकले. सवयीने अजूनही आधी डोळ्याला भिंग लावतात, मग ते काढून पडद्याकडे बघतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गेल्यावर त्याच्यावर काही लिहिलंत?” वायरची हकीकत ऐकून ते उठून उभे राहिले आणि लिपिकबाईंना नमस्कार केला. “बाई, याने वाचलं. लोक रडत रडत चालूच ठेवतात. शोधायला म्हणून नवा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर टाकतात, आणि जे शोधायचं त्याच्याच डोक्यावर तो बसतो.” मला मात्र ते म्हणाले, “घाबरू नका. पुस्तक फाडलेलं नाहीये, अनुक्रमणिका फाडलीय. आता पान पान चाळायचं.” छापखान्यातल्या माणसाला याहून नेमके कोणी सांगू शकले नसते.

११. त्यांनी मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची अख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि शोध त्या नकलेवर लावला. दि. ९ च्या सकाळपासून दि. १० च्या दुपारपर्यंत शोध चालू होता. दुकानाच्या वेळात आम्ही तिघेही पडद्यावरचा आकडा पाहत बाकावर बसून होतो. लिपिकबाईंची त्या दोन दिवसांची किरकोळ रजा माझ्या कारणाने खर्ची पडली आहे, ती कर्तव्यावर धरावी ही विनंती. बासष्ट टक्क्यांवर घड्याळजी म्हणाले, “ही बघा तुमच्या कप्प्याची हद्द. इथून सुरू, इथे संपतो.” आणि पडद्यावर ‘टाकाऊ’ हा शब्द आला. तो वाचून मला इतका आनंद होईल, असे कधी वाटले नव्हते.

१२. परंतु आनंद अर्धवट ठरला. सभासद-अर्जांची चित्रे नेमकी माझ्या खर्ड्यांवर बसली होती. खर्डा क्र. १४० “प्रिय ताई, सर्वप्रथम” असा सुरू होऊन पुढे एका अनोळखी गृहस्थांचे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र लागत होते. त्यांची मुद्रा माझ्या पत्राला कंटाळल्यासारखी होती. दोनशे सतरांपैकी धड उघडले ते फक्त अकरा. ते मी ओळीने वाचले. नऊ वर्षांत मी ते असे कधीच वाचले नव्हते. नेहमी शेवटचा उघडायचा आणि दुरुस्त करायचा. खर्डा क्र. ९ मध्ये ‘फार चांगले झाले आहे’ असे होते. क्र. ५२ मध्ये ‘बऱ्याच अंशी वाचनीय’. क्र. ११८ मध्ये ‘काही स्थळे उल्लेखनीय म्हणता येतील’. क्र. २०३ हा चौदा पानांचा होता, त्याला तळटिपा होत्या, आणि वही आवडली की नाही याचा उल्लेखच त्यात नव्हता. लिपिकबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, “काका, हे पाठवलं असतंत तर ताईंनी वहीसकट तुम्हालाही रद्दीत घातलं असतं.” अकरापैकी एकही पाठवण्यासारखा नव्हता, आणि बारावा लिहायला बसलो तर त्याचेही दोनशे होतील, हे मला दिसत होते.

१३. तेवढ्यात घड्याळजींनी विचारले, “आणि हा कोणता? याला नंबरच नाहीये. हा कप्प्याबरोबर गेलेला नाही, तुम्ही स्वतःच पुसलेला आहे. नऊ वर्षांपूर्वी. जागा कोपऱ्यातली, म्हणून कोणी वर बसलं नाही.” मी त्यांना तो उघडू नका, असे म्हणालो. त्यांना ऐकू कमी येते, असे ते म्हणाले. हे मला त्यापूर्वी जाणवले नव्हते. तो खर्डा पूर्ण देतो :

“ताई, आवडलं. खूप आवडलं. रोज एक्स्चेंजला फोन करून फक्त किती वाजले विचारणारे ते आजोबा, आणि तू वेळ सांगून वर जेवलात का विचारायचीस, ते पान वाचून मी मोठ्याने हसलो. मग वही मिटून बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. लाल शाई मनावर घेऊ नकोस. मला दुसरं काही येत नाही. अजून एक वही लिही ना.”

१४. हे मी ताईचे पत्र आले त्याच आठवड्यात लिहिले होते आणि अघळपघळ वाटले म्हणून दहा मिनिटांत पुसले होते. घड्याळजींनी छापून दिले. लिपिकबाईंनी माझ्या खिशातले पेन हळूच काढून घेतले आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकले. सहीपुरते परत दिले.

१५. सबब विनंती, की (अ) माझी दि. ३ ची तक्रार निकाली काढावी, (आ) लिपिकबाईंवरील नोटीस रद्द करून, वायर वेळेवर उपटल्याबद्दल त्यांच्या सेवापुस्तकात चांगला शेरा नोंदवावा, (इ) दाराचा फलक उतरवावा व समितीच्या अध्यक्षांची माझ्या वतीने क्षमा मागावी, समक्ष मागणे मला जमेलसे वाटत नाही, (ई) खिडकीजवळची खुर्ची ज्यांची होती त्यांना परत द्यावी, आणि (उ) ‘टाकाऊ’ हा कप्पा पुन्हा पाडू नये. ती जागा सभासद-अर्जांसाठी खुशाल वापरावी. मला तिची गरज उरलेली नाही.

१६. दि. १२ रोजी सकाळी मी टपाल कार्यालयात गेलो. रांगेत तीन माणसे होती. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या बाईंना पुढे जाऊ दिले, मग त्यांच्या मागच्यांनाही. तिसऱ्या वेळी खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “आजोबा, द्यायचंय की नुसतं दाखवायचंय?” तेव्हा मी दिले.

कळावे, तसदीबद्दल खरोखरच ओशाळलेला,

आपला नम्र,
(सही)
सभासद क्र. ४१२
दि. १३

सोबत :
१) घड्याळजींचा तांत्रिक अहवाल, एक पान.
२) लिपिकबाईंचा नोटिशीला खुलासा, अर्धे पान. (मी तपासलेला नाही.)
३) नोंदणी टपालाची पावती, दि. १२, सकाळी १०.४०. (झेरॉक्स. मूळ प्रत देता येणार नाही, क्षमस्व.)