सोमवार-गुरुवारचे पाणी

मी, श्रीमती मुक्ता दिनकर शेवाळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळची वाईची, गेली एकतीस वर्षे राहणार बख्शी का तालाब, लखनौ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. यजमानांच्या हयातीत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. मराठीत लिहीत आहे, कारण खरे बोलायला मला हीच भाषा जमते. खोटे मी एकदा हिंदीत बोलले आहे, ते कलम तीनमध्ये येईल. वकीलसाहेब याचा तर्जुमा करून घेतील.

कलम १. राहते घर चिरंजीव निरंजन याला. तो अमौसीला विमान कंपनीत नोकरीस आहे. मागच्या खोलीचे छत गळते, हे मी त्याला तीन पावसाळे सांगत आहे. यापुढे ते त्याचे छत.

कलम २. बँकेतली ठेव आणि पाटल्या कन्या अंतरा हिला. लखनौच्या चौक बाजारातून घेतलेल्या चिकनकारीच्या साड्याही तिलाच, मोतिया रंगाची सोडून. ती तिने मला न विचारता दोनदा नेली आणि दोन्ही वेळा न धुता परत आणली. ती साडी सूनबाई नेत्रा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही नेत्रानेच करावी. घरात वेळेवर काम करणारी तीच एक आहे.

कलम ३. आता शेत. यजमान हवाई दलातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही येथेच तीन बिघे जमीन घेतली आणि बोरिंग मारले. शेजारी रामसजीवन यांचे दीड बिघ्याचे शेत आहे. त्यांच्याकडे पाणी नाही. तोंडी ठरले की सोमवार आणि गुरुवार आमचे पाणी त्यांच्या शेतात जाईल, आणि त्याबदली ते दोन्ही शेते नीलगायींपासून राखतील. कागद केला नाही, लागलाही नाही.

बारा वर्षांपूर्वी ऐन थंडीत नीलगायींचा कळप शिरला आणि दोन्ही शेतांतला मटार फस्त करून गेला. वन्यप्राण्यांनी चरलेल्या पिकाला त्या वर्षी सरकारी भरपाई होती, पण फक्त सिंचित शेताला. पाहणीला साहेब आले. यजमान दवाखान्यात होते, म्हणून मी पुढे झाले. साहेबांनी विचारले, "माताजी, आपकी बोरिंग का पानी इनके खेत में भी जाता है?"

यजमानांनी बजावून ठेवले होते की शेतीच्या वीजजोडावर दुसऱ्याला पाणी दिले तर जोड तुटतो. गावात या नियमाला कोणी भीक घालत नाही. "हाँ साहब, जाता है" म्हणून मोकळे होतात. आम्ही पडलो नोकरदार, नियमाच्या नुसत्या नावाने घाम फुटणारी माणसे. मी म्हणाले, "नहीं साहब, सिर्फ़ हमारे खेत में।"

तो गुरुवार होता. आमच्या बोरिंगवरून त्यांच्या शेतात पाणी नेणारी नाली ओली होती. रामसजीवन तिच्यातच पाय रोवून उभे राहिले, साहेबांना ओल दिसू नये म्हणून. माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "भाभी जी सही कहती हैं साहब, हमारा खेत तो सूखा है।" मग पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही केली.

माझ्या शेताची नोंद सिंचित अशी झाली आणि मला भरपाई मिळाली. त्यांच्या शेताची असिंचित अशी झाली, ती आजतागायत तशीच आहे. पुढे आणखी दोनदा नीलगायी शिरल्या, दोन्ही वेळा त्यांचा अर्ज परत आला. पहिल्या वर्षी त्यांनी म्हैस विकली. त्या म्हशीचे दूध माझ्या घरी येत असे. पण पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे पत्र्याचा डबा बडवत माझ्या शेताच्या कडेने फिरत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

कलम ४. म्हणून बोरिंग, पंप, पंपाची खोली, तिच्याखालची दोन बिस्वा, म्हणजे बिघ्याचा दहावा हिस्सा, जमीन आणि नालीची वाट मी रामसजीवन यांना, त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी शिवदुलारी यांना देत आहे. वकील म्हणतात, पाण्याचा हक्क नुसता देता येत नाही, जमिनीच्या तुकड्याबरोबर द्यावा लागतो. तर तुकडाही दिला. यजमानांची पान्यांची पेटीही त्यांनाच. पंप तेच दुरुस्त करतात. त्यात बारा नंबरचा पाना नाही, तो निरंजनने हरवला.

उरलेले शेत निरंजनला. त्याला ते विकायचे आहे. तो म्हणतो, "आई, बोरिंगशिवाय पार्टी प्लॉट घेणार नाही. तू समझती क्यों नहीं यार?" समजते मला. पार्टीने घेऊ नये. निरंजनने शेत कसले, तर सोमवार आणि गुरुवार पाणी त्याला मिळेल. रामसजीवन यांनी तसा शब्द दिला आहे, आणि त्यांचा शब्द काय असतो ते मी पाहिले आहे.

हे सारे जिवंतपणीच का दिले नाही? रोज मुलाच्या समोर जेवायला बसायचे असते. हा माझा दुसरा भित्रेपणा समजावा.

कलम ५. तिसरा करणार नाही. त्या दिवशी मी खोटे बोलले, असे निवेदन सोबत जोडले आहे. ते माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. येत्या सोमवारी नेत्रा मला गाडीतून तहसील कचेरीत नेईल आणि मी ते स्वतः देईन, म्हणजे त्यांच्या शेताची नोंद बदलेल. जोड तुटला तर तुटू दे.

साक्षीदार:
१. आत्माराम गणेश टिळेकर, निवृत्त बँक अधिकारी (सही)
२. डॉ. समीर किदवई, राहणार चौक (सही)

रामसजीवन सकाळीच धुतलेला कुर्ता घालून, खिशाला पेन लावून आले होते. "गवाही हम देंगे, भाभी जी." वकिलांनी समजावले की ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. त्यांनी पेन परत खिशाला लावले आणि म्हणाले, "उस दिन तो हमारी गवाही चल गई थी।" बारा वर्षांत त्या दिवसाबद्दल ते प्रथमच बोलले. मी हात जोडले. ते "अरे, अरे" करत उठले आणि पंप लावायला गेले. आज त्यांचा वार आहे.

मुक्ता दिनकर शेवाळे (सही)
बख्शी का तालाब, लखनौ
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५