न उडालेली गोळी डेल्फियाला

लिहून ठेवणार मी, डेन्व्हर स्टर्गिल, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, राहणार पिजन लिक खोरं, पूर्व केंटकी. माझी अक्कल जेवढी होती तेवढी जागेवर आहे. मी प्यायलेलो नाही, कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही, आणि याआधी असा कागद मी कधी केला नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतंच. नाव शहराचं असलं तरी त्या शहरात मी दोनदाच गेलो आणि दोन्ही वेळा बसस्टँडावरून हाकलला गेलो. ते असो.

कागद करण्याचं कारण असं. परवा सोमवारी मी वायोमिंगला पवनचक्क्यांच्या कामावर चाललोय. माझी थोरली बहीण डेल्फिया घरात एकटी राहणार. या हिवाळ्यात खोऱ्यातली दोन घरं फुटली, दोन्हीकडे नशेला लागणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांसाठी. डेल्फिया वृद्धाश्रमात कामाला आहे, म्हणजे तिच्या पर्समध्ये औषधांचं दुकान असणार असं अर्ध्या खोऱ्याला वाटतं. ती म्हणते, "तुझं पिस्तूल माझ्यापाशी ठेवून जा." ठेवावं की ठेवू नये, हे ठरवता ठरवता तीन आठवडे गेले. त्याबद्दल पुढे लिहितो.

कलम १. व्हर्ना मावशीने हे घर आम्हा दोघांच्या नावे केलं. त्यातला माझा अर्धा वाटा, गळक्या छपरासकट, डेल्फियाला. मावशीनेच आम्हाला वाढवलं. मी सोळाव्या वर्षी शाळा आणि घर एकाच दिवशी सोडलं, तरी माझं ताट ती रविवारी मांडत राहिली. हे मला तिच्या अंत्ययात्रेला कळलं. मी अंत्ययात्रेलाही न कळवता आलो होतो. मला कळवून येता येत नाही. कुठे कधी पोचेन हे मलाच माहीत नसतं.

कलम २. गिटार, तंबू, आणि मावशीच्या पितळी मुठीचा चाकूही डेल्फियालाच. गिटारीला दोन तारा नाहीत. टल्सा शहरातल्या जत्रेत पाळणे उभे करताना ज्या मुकादमाने माझे बूट ठेवून घेतले त्याला काही नाही. तो कधी आलाच तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम ३. पिस्तूल. हे लांबेल.

नऊ मिलिमीटरचं, आखूड नळीचं, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, हॉबर्ट पेनिंग्टनच्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त. हॉबर्ट गळाचे किडे, बंदुका आणि उकडलेले शेंगदाणे एकाच फळीवर विकतात. घेताना ते म्हणाले होते, "पोरा, स्वस्त पिस्तूल आणि स्वस्त छत्री, दोन्हींची परीक्षा एकदाच होते. तू आधीच घे." म्हणून मी घेतली. खोऱ्याच्या वर कोळशाची जुनी उघडी खाण आहे, तिथल्या सपाटीवर चार दिवस दोनशे गोळ्या झाडल्या आणि वहीत लिहिलं. ते इथे उतरवतो, कारण डेल्फियाला हे माहीत असायला हवं.

स्वयंपाकघराच्या टेबलापासून मागच्या दारापर्यंत अकरा पावलं. तेवढ्या अंतरावरून माझ्या दहातल्या नऊ गोळ्या ताटलीत बसतात. हे चांगलं. मूठ एवढीशी की करंगळी खाली लोंबकळते. चाप जड, आणि कुठे सुटेल याचा पत्ता लागत नाही. वरचा सरकता भाग मागे ओढायला बैलाची ताकद लागते. म्हाताऱ्या माणसांना उचलून उचलून डेल्फियाची मनगटं गेलीत, तिला तो तीनदा ओढून एकदाही पुरता मागे नेता आला नाही. दोनशेत अडकलं तीनदा. एकदा चपट्या तोंडाची गोळी आत जाताना वाकडी बसली. एकदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता धुराड्यासारखी उभी राहिली. एकदा घोडा पडला, पण गोळीच्या बुडाची टिकली नुसती चेपली आणि बार उडाला नाही.

आणखी एक. आपल्या भिंतींसारखे प्लास्टरचे दोन तक्ते उभे केले, मागे पाण्याने भरलेला दुधाचा कॅन ठेवला. गोळी दोन्ही तक्त्यांतून गेली, कॅन फुटला, मागच्या मातीत ती हातभर खाली सापडली. टेबलावरून मागच्या दाराकडे झाडली आणि दोन बोटं डावीकडे गेली, तर दाराशेजारच्या भिंतीमागे डेल्फियाची खाट आहे.

वही घेऊन मी दुकानात गेलो. "हॉबर्ट, तीनदा अडकलं. परत घ्या."

"दोनशेत तीन? माझं लग्न याहून जास्त वेळा अडकलं," ते म्हणाले. "गोळ्या बदलून बघ."

शेगडीपाशी मिस इमोजीन कॉडिल शेंगदाणे सोलत होत्या. त्या इथल्या कोर्टात छत्तीस वर्षं कारकून होत्या आणि निवृत्त झाल्या हे त्यांना अजून कोणी पटवून दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "बहिणीजवळ ठेवून चाललास होय? आणि तू परत येशील तेव्हा? कळवून येशील?"

"येईन की."

"तू? स्वतःच्या मावशीला मातीत घालायला आलास तो दूधगाडीत बसून, अर्धी प्रार्थना झाल्यावर! मग ऐक. ज्याच्या हातून माणूस मरतं, त्याला त्या माणसाचं घर मिळायची मारामार होते. माझ्या टेबलावरून असे कागद गेलेत."

"पण चुकून झालं तर?"

"चुकून झालं हे ज्याने सांगायचं तो मेलेला असतो ना, बाळा."

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून:

कलम ४. मी घरात शिरत असताना डेल्फियाच्या हातून, कोणत्याही हत्याराने, मेलो, तर ती चूक आहे. चूक माझी. मी न कळवता आलो असणार. कोर्टाने तिला घर द्यावं, तिला एका शब्दाने विचारू नये, आणि कोणीतरी तिच्याजवळ आठवडाभर राहावं. हे मी इतक्या खात्रीने का लिहितो, तर मला माहीत आहे ती चूक कशी होते. मी ती केली आहे.

तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारचे तीन. धुकं होतं, वीज गेली होती, आदल्याच दिवशी खालचं दुसरं घर फुटलं होतं. आमच्या खोऱ्यात दार वाजवत नाहीत. ओढ्याच्या पुलावर गाडी आली की दोनदा हॉर्न द्यायचा, मग घरातल्याने समजावं की आपलं माणूस आलं. तीन पिढ्या हे चालत आलंय. जो हॉर्न देत नाही तो आपला नाही, एवढं मावशीने पाजलेलं. मी टेबलाशी बसलो होतो, समोर भरलेलं पिस्तूल. हॉर्न वाजला नाही. मागच्या दाराची मूठ फिरली. तपकिरी कोट, टोपडं पुढे ओढलेलं, तोंड दिसेना.

मी ओरडलो नाही. "कोण आहे" एवढंसुद्धा विचारलं नाही. मी पिस्तूल उचललं आणि चाप ओढला.

टक.

टोपडं मागे पडलं. डेल्फिया! "बॅटरी मेली रे गाडीची. वळणापासून चालत आले, तुझा कोट घातला डिकीतला. असा काय उभा खांबासारखा? कॉफी ठेव." मी पिस्तूल फडक्याखाली सरकवलं आणि कॉफी ठेवली. नंतर ती गोळी बाहेर काढली. बुडाच्या टिकलीला उथळ खळगा पडलाय, नखाने टोचल्यासारखा. त्या पिस्तुलाच्या दोनशे एक गोळ्यांत, मी ज्याला खोट म्हणून वहीत लिहिलं तेच, हवं तेव्हा एकदा घडलं.

हे मी तिला सांगितलेलं नाही. म्हणून "ते पिस्तूल वाईट आहे" म्हटलं की ती म्हणते "दोनशेत तीन म्हणजे काही वाईट नाही," आणि मी छपराची गळती बघायला जातो. ठेवलं, आणि चोर आल्यावर चाललं नाही, तर ती गेली. ठेवलं, आणि मी आल्यावर चाललं, तर आम्ही दोघंही गेलो.

कलम ५. इथपर्यंत लिहून मी लाकडं आणायला गेलो, आणि कागद टेबलावरच राहिला. मी असाच आहे. परत आलो तर डेल्फिया चष्मा लावून बसली होती, बोट चौथ्या कलमावर.

लाकडं हातातच राहिली. तिने चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाली, "कुठे धरलं होतंस?"

मी तिच्या स्वेटरच्या दुसऱ्या बटणाकडे बघितलं. तिने तिथे हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"तीन आठवडे तू माझ्या पावाला तोंड लावेनास. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. बेकिंग पावडर बदलली मी, गाढवा."

"डेल्फी, मी..."

"थांब. माफीबिफी नको, रडशील आणि लाकडं पायावर पाडशील. हिशेब सोपा आहे. एक तर तू फोन करून येशील, नाही तर हे पिस्तूल घरातून जाईल. तुझ्याच्याने फोन व्हायचा नाही. तेव्हा पिस्तूल जाईल."

"आणि चोर?"

"मागच्या दाराला अडसर बसव. आणि खाली रस्त्यावर फळी लाव, तिच्यावर लिही, इथे गोळ्या मिळत नाहीत, डोकेदुखीच्यासुद्धा." मग तिने लाकडं माझ्या हातातून घेतली, आणि घेताना माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

कलम ६. म्हणून पिस्तूल कोणालाच नाही. हॉबर्टला देणार होतो, तर मिस इमोजीन म्हणाल्या की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला बसू नये. हॉबर्ट म्हणाले, "मग मला नको. मी सही करतो." त्यांनी आज दुपारी ते शिकंज्यात धरून गॅसने तीन तुकडे केले. मी बघत होतो. पैसे परत दिले नाहीत. हा राग मी मरेपर्यंत ठेवणार आहे, त्यापुढे सोडतो.

कलम ७. माझा ट्रक चालत नाही, पण हॉर्न चालतो. तो उपटून मी पुलाच्या खांबाला ठोकला आहे. खाली डबा, डब्यात बॅटरी, वर पत्र्याचं छप्पर. जो चालत येईल त्यानेही वाजवावा. हा हॉर्न साऱ्या खोऱ्याला. बॅटरी बदलण्याचं काम मी जिवंत असेपर्यंत माझं, म्हणजे मला अधूनमधून यावं लागेल.

कलम ८. चेपलेल्या टिकलीची ती गोळी डेल्फियाला. हॉबर्टने तिच्यातली दारू काढून ती पुन्हा बंद केली आहे. तिने फेकली तरी चालेल. मी फेकू शकलो नाही.

वरचं सगळं वाचून, समजून, खाली सही करतो. अडसर बसला. फळी उद्या.

डेन्व्हर स्टर्गिल
पिजन लिक खोरं, डिसेंबरचा पहिला शनिवार, हॉबर्टच्या दुकानात, शेगडीपाशी

याने आमच्यासमोर सही केली. शुद्धीत आहे, त्याच्या मानाने.
१. हॉबर्ट पेनिंग्टन
२. इमोजीन कॉडिल, निवृत्त (असं म्हणतात)

डेल्फिया स्टर्गिल साक्षीदार नाही, तिला मिळायचं आहे. तरी तिने खाली दोन शब्द लिहायचा हट्ट धरला:

वाचलं. पुलावर दोनदा वाजव, मी ताट मांडते.